दगड फोडल्यावर पुढं काय होतं, ते आपल्याला माहीत पाहिजे

(कळंब, जि. धाराशिव इथं झालेल्या जमीन हक्क शिबिरात एका तरुण पारधी कार्यकर्तीनं केलेलं भाषण. बोलली तसंच उतरवून घेतलं आहे. लांबण तेवढी कमी केली.)



समोर बसलेल्या आया-बहिणींनो, भावांनो, आणि एटापल्ली-धानोऱ्याकडून दोन दिवसांचा प्रवास करून आमच्या उन्हात आलेल्या पाव्हण्यांनो,

मी पारधी समाजाची. बारावी शिकले, पुढं जमलं नाही. गायरानावरच्या पालात वाढले. माझी आय रस्त्याच्या कामावर हातानं खडी फोडायची. डाव्या हातात लोखंडी कडी, कडीत दगड, उजव्या हातात हातोडी. म्हणून मला कुणी विचारलं की तुला खाणीतलं काय कळतं, तर मी सांगते, मी दगडाच्या ढिगावर झोपून मोठी झाले.

आज मला विषय दिला आहे खाणीचा. खाण कशी चालते, दगड कसा फोडतात, कसा धुतात. तुम्ही म्हणाल, हे इंजिनेराचं काम, आपल्याला काय करायचं? पण कागद आपल्यापुढं येतो तेव्हा इंजिनेर नसतो. ग्रामसभा असते. अंगठा आपला असतो. आणि ज्याला काम कळत नाही त्याचा अंगठा लवकर उठतो. म्हणून आज दोन दगडांची गोष्ट सांगते. एक आमच्याकडचा काळा दगड, दुसरा तुमच्याकडचा लाल दगड. सुरजागडच्या पाव्हण्यांनी मी चुकले तर तिथंच थांबवावं.

आधी काळा दगड.

आमच्या या भागात जंगल नाही. वर माती, खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पाषाण. हा दगड जुन्या लाव्हाचा. जवळजवळ सगळा मराठवाडा, महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावर बसला आहे. त्यात लोखंड-सोनं असं काढण्यासारखं काही नाही. पण रस्त्याला, पुलाला, घराला खडी त्याचीच लागते. आणि खाण कुठं पडते? सातबारावर मालक असेल तिथं भाव द्यावा लागतो. गायरानावर राहणाऱ्याला फक्त उठ म्हणावं लागतं. म्हणून खाण आणि आपली वस्ती शेजारी-शेजारी येतात.

काम कसं चालतं बघा. पहिल्यांदा वरची माती आणि मुरूम काढतात. मग दगडाला मशिननं होल मारतात. होलात जिलेटिन भरून सुरुंग उडवतात. निघालेला डबर डंपरनं खडी केंद्रावर नेतात. तिथं पहिल्या मशिनला जबडाच म्हणतात. एक पोलादी पाट बसलेला, दुसरा पुढं-मागं होणारा, मध्ये दगड चावला जातो. तिथून दुसऱ्या मशिनमध्ये अजून बारीक. मग हलणाऱ्या चाळण्या. चाळीस एमएम वेगळी, वीस वेगळी, दहा वेगळी, आणि सगळ्यात खाली कच. गडचिरोलीकडं याला गिट्टी म्हणतात, आम्ही खडी म्हणतो. आता तर नदीची वाळू मिळेना म्हणून हाच दगड दळून वाळू करतात. म्हणजे या धंद्यात टाकून द्यायचं जवळजवळ काही नाही. दगडाचा आकार बदलतो, दगड तोच राहतो. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग गावाला काय उरतं? खड्डा आणि धूळ.

माझ्या आजोळी अशीच एक खाण होती. गावाचं नाव घेत नाही, मालकाचंही घेत नाही. सुरुंग उडला की पत्रे वाजायचे, भिंतीला भेगा गेल्या. आमची माणसं भांडायला गेली तर म्हणाले, परवाना आहे. परवाना होताच. पण किती ब्रासचा, हे कुणी विचारलं नव्हतं. तिथल्या एका म्हाताऱ्यानं शहाणपण केलं. तो म्हणाला, भांडू नका, मोजा.

मोजायचं कसं ते सांगते, लिहिणाऱ्यांनी लिहून घ्या. एक सुंभ घ्या, त्याला एक-एक फुटावर गाठ मारा. खड्ड्याची लांबी घ्या, रुंदी घ्या. खोली एकाच जागी घेऊ नका, पाच-सहा जागी घ्या आणि सरासरी काढा. पाणी साठलेलं असेल तर सुंभाला दगड बांधून सोडा. कडेला उभं राहून पोरांना वाकू देऊ नका. तिन्ही आकडे फुटात घेऊन गुणायचे आणि शंभरानं भागायचं. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. समजा खड्डा दोनशे फूट लांब, दीडशे फूट रुंद, वीस फूट खोल. गुणाकार सहा लाख घनफूट. म्हणजे सहा हजार ब्रास. आणि हा झाला जमिनीतला घट्ट दगड. फुटला की तो फुगतो, मध्ये फटी पडतात. ढोबळ दीडपट धरा. म्हणजे गाडीत भरताना तोच माल नऊ हजार ब्रासच्या जवळ जातो. आता माहितीच्या अधिकारात वाहतूक पावत्या मागायच्या. किती ब्रासची रॉयल्टी भरली? दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. वरचा मुरूम वेगळा मोजायचा, नाहीतर ते म्हणतात खड्डा मुरमाचा होता.

आजोळी दोन्ही आकडे शेजारी ठेवले तेव्हा पावत्या खड्ड्याच्या निम्म्याला पण पोचत नव्हत्या. महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याच्या कलम ४८ (७) प्रमाणं परवान्याशिवाय काढलेल्या मालावर बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होतो. तीन अर्ज केले, तीनदा साहेब आले नाहीत. चौथ्या वेळी बायाच सुंभ घेऊन कचेरीच्या दारात बसल्या तेव्हा पंचनामा झाला. दंड वसूल झाला का? पुरा नाही झाला. पण सुरुंग थांबले. आणि गावाला एक गोष्ट कळली की खड्डा खोटं बोलत नाही.

आता लाल दगड.

एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर सगळ्यांनी ऐकला आहे. तिथल्या माडिया-गोंड लोकांचा ठाकूरदेव त्या डोंगरावर आहे. दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते. त्याच डोंगरात लोखंडाचा दगड आहे. २००७ साली लॉईड्स मेटल्स कंपनीला ३४८ हेक्टर जमिनीचा खाणपट्टा मिळाला. काम चालू झालं २०१६ मध्ये. २०२३ साली वर्षाला तीस लाख टनांची परवानगी एक कोटी टनांवर गेली आणि २०२५ मध्ये अजून वाढली.

या डोंगरात दगड दोन जातीचा. एक चांगला, जड, ज्यात शंभर किलोला साठ किलोच्या वर लोखंड. तो फोडला, चाळला की सरळ भट्टीकडं जातो. दुसरा पट्ट्यापट्ट्याचा. एक पट्टा लोखंडाचा, एक पट्टा गारगोटीचा, परत लोखंडाचा, लुगड्याच्या काठासारखा. इंजिनेर त्याला बीएचक्यू म्हणतात. त्यात शंभर किलोला पस्तीसच्या आसपास लोखंड. आधी हा हलका माल म्हणून कुणी विचारत नव्हतं. आता त्याला भाव आला आहे, कारण तो धुऊन चांगला करायची मशिनं आली.

हे धुणं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. गारगोटी आणि लोखंड एकमेकांत घट्ट विणलेलं आहे. फोडून, चाळून ते सुटत नाही. पिठासारखं दळावं लागतं. त्यासाठी मोठमोठी लोखंडी पिंपं असतात, आत पोलादाचे गोळे. पिंप फिरतं, गोळे आदळतात, दगडाचं पीठ होतं. त्यात पाणी घालतात, घट्ट कालवण होतं. मग निवडायचं. कसं? आपण सुपात पाखडतो तेव्हा फोल उडतं आणि दाणा राहतो, कारण दाणा जड. सोनाराच्या दुकानापुढची माती धुणारे आपलेच लोक आहेत. तेही पाटीत पाणी फिरवून हलकं सोडतात, जड राखतात. इथंही तेच. जेवढ्या जागेत एक किलो पाणी मावतं, तेवढ्या जागेत गारगोटी अडीच किलोच्या वर थोडी, आणि लोखंडी दगड पाच किलोच्या वर. म्हणून गोल-गोल उतरणाऱ्या पन्हाळीतून कालवण सोडलं की जड आतल्या बाजूला, हलकं बाहेरच्या बाजूला. जे बारीक राहतं त्याला मोठं चुंबक लावतात. हा दगड साध्या चुंबकाला दाद देत नाही, फार जोराचं चुंबक लागतं. कुठं-कुठं औषध घालून फेस काढतात आणि फेसाबरोबर गारगोटी वर आणतात. शेवटी जे लोखंडी पीठ राहतं त्याच्या गोळ्या वळतात, लाडूसारख्या, आणि बाराशे-तेराशे डिग्रीला भाजतात. त्या गोळ्या पोलादाच्या भट्टीत जातात.

लोखंड गाळणं ही आपल्या लोकांना नवी विद्या नाही. मध्य भारतात अगरिया लोक मातीची भट्टी आणि भाता घेऊन पिढ्यान्‌पिढ्या लोखंड करत आले. पण ते चांगला दगड वेचून घेत. डोंगर दळत नव्हते.

आता हिशोब करू. शंभर गाड्या पट्ट्याचा दगड दळला. त्यात पस्तीस गाड्यांएवढं लोखंड. सगळं हाती लागत नाही, काही गाळात जातंच. धरा सव्वीस हाती लागलं. त्याचं शंभराला पासष्ट लोखंडाचं पीठ केलं तर चाळीस गाड्या माल झाला. मग साठ गाड्या कुठं गेल्या? साठ गाड्या गाळ. ओला, बारीक, पिठासारखा. हा आकडा मी समजण्यासाठी धरला आहे. प्रत्येक ठिकाणी थोडा वर-खाली होईल. पण गोष्ट बदलत नाही. काळ्या दगडात सगळं विकलं जातं. पट्ट्याच्या लाल दगडात निम्म्याहून जास्त तिथंच राहतं. ते ठेवायला जागा लागते. दळायला आणि धुवायला पाणी लागतं. कारखान्याला जमीन लागते.

म्हणूनच बघा, खाणपट्टा ३४८ हेक्टरचा, आणि हा पट्ट्याचा दगड धुण्याच्या कारखान्यासाठी एटापल्ली भागातली ९०० हेक्टरहून जास्त वनजमीन आणि एक लाखाहून जास्त झाडं मागितली गेली. २०२५ मध्ये केंद्राची पहिल्या टप्प्याची मंजुरी पण आली. खाणीच्या अडीच पट जमीन धुण्याला! आपण सगळे खड्ड्याकडं बघत बसतो. खड्डा दिसतो, त्याचा फोटो निघतो. पण जंगल जास्त जातं ते धुण्यात आणि गाळात. आज मला तुम्हाला हीच एक गोष्ट सांगायची आहे. खाणीचा कागद आला तर खाणीचं विचारा, पण त्याच्या आधी धुण्याचं विचारा.

दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर अर्धं बोलल्यासारखं होईल. हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटरची पाइपलाइन २०२५ मध्ये चालू झाली. दळलेलं लोखंड पाण्याबरोबर त्यातून जातं. त्यामुळं रस्त्यावरचे ट्रक कमी होतात. ज्यांच्या घरातलं माणूस ट्रकखाली गेलं, ज्यांच्या धानावर लाल धूळ बसते, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. आणि समोर बसलेल्यांपैकी काहींची पोरं खाणीत ड्रायव्हर, हेल्पर आहेत, हे पण मला माहीत आहे. त्यांच्या पगारावर घर चालतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझा मामा खडी केंद्रावरच खपला. पण त्या पोरांना एक सांगा. आमच्या काळ्या दगडात मोकळी गारगोटी कमी असते, तरी मामाचा दम गेला. तुमच्या पट्ट्याच्या दगडात गारगोटीच गारगोटी आहे. तिची बारीक धूळ छातीत बसली की परत निघत नाही. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्याच्यावर बरं करणारं औषध नाही. डोळ्याला दिसणारी धूळ नाकात अडकते. मारते ती न दिसणारी. ती रुमालानं थांबत नाही. होल मारताना पाणी सोडायचं, मशिन झाकायचं, खरा मास्क द्यायचा आणि छातीचा फोटो काढायचा. कामावर घेताना आणि पुढं ठराविक मुदतीनं मालकाच्या खर्चानं तपासणी, हा कामगाराचा हक्क आहे. ट्रकचा पगार मागता तसा हा पण मागा.

आता गाळाचं. धुतल्यावर राहिलेला गाळ बांध घालून तळ्यात साठवतात. बांध चांगला असेल, त्याच्या खालून पाणी निचरत असेल, कुणी रोज बघत असेल तर टिकतो. स्वस्तात करायचं म्हणून कुठं-कुठं पुढचा बांध जुन्या गाळावरच चढवतात. आतून गाळ ओलाच असतो. ब्राझील देशात ब्रुमाजिन्यो गावाजवळ २५ जानेवारी २०१९ ला लोखंडाच्या खाणीचा असाच बांध फुटला. दोनशे सत्तर माणसं गाळात गेली. खाणीचे कामगार दुपारचं जेवत होते, तो जेवणाचा हॉल गाळाच्या वाटेवरच होता. त्याच्या तीन वर्षं आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, त्याच राज्यात मारियानाचा बांध फुटून दोसे नदी समुद्रापर्यंत लाल झाली. तिच्या काठावर क्रेनाक नावाचे आदिवासी राहतात, ती नदी त्यांची देव आहे. लांब कशाला, आपल्या सीमेपलीकडं बैलाडिल्याला १९६८ पासून लोखंड निघतं. तिथल्या शंखिनी-डंकिनी नद्यांच्या काठच्या लोकांना लाल पाणी म्हणजे काय ते विचारा. आणि गोव्यात डिचोलीजवळ शिरगावला खाणी पाण्याच्या पातळीखाली गेल्या तेव्हा गावातल्या विहिरी कोरड्या पडल्या. हे शेवटचं नीट ऐका. खड्ड्यात साठणारं पाणी आकाशातून पडतंच, पण आजूबाजूच्या झऱ्यांचंही असतं. ते पंपानं बाहेर फेकलं की विहीर उतरते.

मग ग्रामसभेत काय विचारायचं? पाच प्रश्न सांगते. घरी गेल्यावर शाळेतल्या पोरांकडून मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

पहिला. वर्षाला किती टन दगड निघणार, त्यातला किती माल होणार आणि किती गाळ-मुरूम म्हणून राहणार? तीनही आकडे पाहिजेत. एकच आकडा सांगितला तर बसून राहा.

दुसरा. पाणी कुठल्या नदी-नाल्यातून, किती, आणि उन्हाळ्यात किती? धुतलेलं पाणी परत वापरणार का सोडणार?

तिसरा. गाळाचं तळं नकाशावर दाखवा. त्याच्या खालच्या अंगाला कुणाचं गाव, कुणाचं शेत, कुठली शाळा? बांध पुढं वाढवायचा असेल तर कशावर वाढवणार?

चौथा. धूळ आणि सुरुंग. कितीला उडवणार, किती लांब, घराच्या भिंतीचे फोटो आधी काढून ठेवणार का?

पाचवा. खाण संपल्यावर खड्डा, ढीग आणि तळं यांचं काय करणार, आणि त्याचे पैसे आज कुठं जमा आहेत?

आणि हे विचारायचा हक्क कुठून आला? अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यानं मुरूम, वाळू, दगड अशा गौण खनिजाला ग्रामसभेची आधी शिफारस लागते. लोखंड गौण खनिज नाही. तिथं २००६ चा वनहक्क कायदा धरायचा. सामूहिक वनहक्काचा दावा केला असेल तर जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा. तुमच्याच जिल्ह्यात मेंढा-लेखानं २००९ मध्ये तो देशात पहिल्यांदा मिळवून दाखवला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगराबद्दल सुप्रीम कोर्टानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा बसल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. आमचा धाराशिव जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून आम्हाला पेसा नाही. आमच्याकडं ठराव आणि सुंभ, एवढंच. पण तुमच्याकडं कायदा आहे. तो पेटीत ठेवू नका.

मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते. नियमात लिहिलं आहे की ती प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी, तीस दिवस आधी जाहीर करावी आणि अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत द्यावा. सुरजागडच्या वाढीव उत्पादनाची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोली शहरात, खाणीपासून शंभर किलोमीटरच्या पुढं. जी बाई डोंगरावर मोहफुलं वेचते ती तिथं कशी पोचणार? म्हणून पुढच्या वेळी पहिला अर्ज जागेचा करा. सुनावणी गावात झाली तर आपले प्रश्न ऐकू येतील. आणि सारांश माडियात वाचून दाखवा, असं मागा. मराठी पण तिथल्या आयांना परकीच आहे.

मी इथं खाण पाहिजे का नको, हे सांगायला उभी नाही. ते तुमच्या ग्रामसभेनं ठरवायचं आहे, गायत्याला, बायांना, पोरांना बरोबर घेऊन. मला फक्त एवढं वाटतं की हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण आकडा बघून म्हणा. माझ्या आईनं आयुष्यभर खडी फोडली. तिला एका ब्रासचे किती पैसे, हे दुसराच सांगायचा. ढीग तिचा, माप दुसऱ्याचं. तिला मोजता आलं असतं तर तेवढ्यात कुणी फसवलं नसतं.

जेवणानंतर मागच्या पटांगणात आम्ही गाठी मारलेला सुंभ ठेवला आहे. शेजारच्या जुन्या मुरमाच्या खड्ड्यावर जाऊन सगळे मिळून एकदा मोजू. पाव्हण्यांनी आधी, बायांनी सुंभ धरायचा. आकडा काय येतो ते संध्याकाळच्या बैठकीत सांगू.

जल, जंगल, जमीन आमची! ग्रामसभा जिंदाबाद!